स्वतःच्या डोमेनवर ईमेल: आधी डोमेन, मग सेवा

मोफत ईमेल सेवा सोडून पैसे भरून एखादी स्वतंत्र सेवा घ्यावी आणि पत्ता स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या आपल्या नावावर, न्यावा, असा आपला विचार आहे. त्यासाठी प्रोटॉन मेल, फास्टमेल, टुटा आणि मेलबॉक्स डॉट ऑर्ग यांपैकी काय निवडावे, आणि जिथे डोमेन विकत घेऊ तिथेच ईमेलही घेतला तर चालेल का, हे आपले दोन प्रश्न आहेत. माझ्या मते पहिला प्रश्न आपल्याला वाटतो तेवढा मोठा नाही आणि दुसरा मात्र वाटतो त्याहून बराच मोठा आहे. सेवा पसंत पडली नाही तर सुटीच्या दिवशी बसून बदलता येते. डोमेन हातचे गेले, तर त्या पत्त्यावर उघडलेली सर्व खाती धोक्यात येतात.

म्हणून सुरुवात डोमेनपासून करतो. ज्या कंपनीकडे डोमेनची नोंदणी आहे (तिला रजिस्ट्रार म्हणतात), तिच्याकडे ईमेल ठेवू नये. एकत्र घेतले की हिशेब सोपा वाटतो; पण बिलावरून वाद झाला, कार्ड नाकारले गेले किंवा काही शंकेवरून खाते गोठवले गेले, तर पत्ता आणि पेटी दोन्ही एकाच वेळी बंद होतात आणि तक्रार करायलाही पत्ता उरत नाही. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी असतील, तर ईमेल सेवेशी बिनसले तरी रजिस्ट्रारकडे जाऊन एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे या डोमेनचा ईमेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ही नोंद, दुसरीकडे वळवता येते. बाहेरच्या लोकांना यातले काही कळतही नाही. स्किफ नावाची ईमेल सेवा नोशन कंपनीने फेब्रुवारी २०२४मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी बंद केली, तेव्हा हा फरक स्पष्ट दिसला. ज्यांचे पत्ते स्किफच्याच डोमेनवर होते, त्यांना बँकेपासून नातेवाइकांपर्यंत सर्वांना नवा पत्ता कळवावा लागला. ज्यांनी स्वतःचे डोमेन जोडले होते, त्यांनी नोंदी बदलल्या आणि तोच पत्ता पुढे चालू ठेवला.

डोमेनचे नाव निवडताना ते फोनवर सांगून पाहावे. दोनदा अक्षरे फोड करून सांगावी लागत असतील, मध्ये आडवी रेघ किंवा अंक असेल, तर ते नाव सोडून द्यावे. शेवटच्या भागाबाबत मी जुन्या मताचा आहे: डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग किंवा आपण जिथे कायम राहणार आहोत त्या देशाचे डोमेन, एवढेच पर्याय मला पत्रव्यवहारासाठी योग्य वाटतात. देशांच्या डोमेनचे नियम त्या त्या ठिकाणी ठरतात आणि ते बदलू शकतात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तेथील हजारो लोकांची डॉट ईयू डोमेने पात्रतेअभावी जानेवारी २०२१मध्ये निलंबित झाली. दिसायला आकर्षक असणारी नवी डोमेने पहिल्या वर्षी अतिशय स्वस्त मिळतात आणि नूतनीकरणाच्या वेळी कित्येक पट महाग होतात, त्यामुळे खरेदीपूर्वी पहिल्या वर्षाची नव्हे, तर नूतनीकरणाची किंमत पाहावी.

नूतनीकरण ही या सगळ्या व्यवस्थेतील सर्वांत नाजूक जागा आहे. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली की लगेच ते दुसऱ्याला मिळत नाही. आधी रजिस्ट्रारने दिलेला सवलतीचा काळ असतो, तो जास्तीत जास्त ४५ दिवसांचा. नंतर जादा शुल्क भरून सोडवून घेण्याचे ३० दिवस आणि त्यानंतर ५ दिवसांनी नाव सर्वांसाठी खुले होते. परंतु या काळावर विसंबू नये, कारण काही रजिस्ट्रार सवलतीच्या काळातच मुदत संपलेली नावे लिलावात काढतात, आणि ईमेल तर त्याच्या कितीतरी आधी थांबलेला असतो. डोमेन दुसऱ्याने घेतले, तर आपण विसरून गेलेल्या प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदलण्याचा दुवा त्याच्या पेटीत जाईल. स्वतःचे डोमेन ईमेलसाठी एकदा वापरले की ते व्यवहारतः आयुष्यभर भरत राहायचे, ही जबाबदारी मान्य नसेल तर या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्टच सांगेन. मान्य असेल तर कमाल मर्यादेइतकी, म्हणजे १० वर्षांपर्यंतची नोंदणी करावी, आपोआप नूतनीकरण सुरू ठेवावे, रजिस्ट्रारच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी आणि त्या खात्याचा संपर्क पत्ता त्याच डोमेनवरचा कधीही देऊ नये. शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. डोमेन बंद पडल्याची सूचना बंद पडलेल्या पत्त्यावरच जाणार असेल, तर ती आपल्यापर्यंत पोहोचणार कशी?

आता सेवेकडे वळतो. आपण नावे घेतलेल्या चारही सेवा स्वतःचे डोमेन जोडू देतात, तेव्हा त्या निकषावर त्यांच्यात निवड होत नाही. (पोस्टेओ ही चांगली सेवा धोरण म्हणून ती सोयच देत नाही, हे लक्षात असू द्यावे.) मी प्रत्येक सेवेला पहिला प्रश्न विचारतो तो असा: येथून निघायचे झाले, तर माझे सर्व ईमेल नेहमीच्या साधनांनी बाहेर काढता येतील का? फास्टमेल आणि मेलबॉक्स डॉट ऑर्ग येथे आयमॅप, म्हणजे कोणत्याही प्रोग्रॅमला सर्व्हरवरील पेटी वाचू देणारी प्रमाण पद्धत, थेट चालते, त्यामुळे कोणत्याही ईमेल प्रोग्रॅममधून पेटी वाचता येते आणि तिची प्रत ठेवता येते. प्रोटॉनमध्ये त्यासाठी ब्रिज नावाचा प्रोग्रॅम संगणकावर चालवावा लागतो आणि तो पैसे भरणाऱ्यांनाच मिळतो. टुटामध्ये आयमॅप नाहीच. त्यांचेच ॲप वापरावे लागते. हा दोष नसून त्यांच्या कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या, साठवणीची किंमत आहे, पण ती किंमत आपल्याला द्यायची आहे का, हे आधी ठरवावे.

या कूटबद्धतेविषयी अपेक्षा माफक ठेवाव्यात. प्रोटॉन किंवा टुटा यांच्या सर्व्हरवर साठवलेला मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही, हे खरे आहे आणि महत्त्वाचेही आहे. मात्र जीमेलवरच्या माणसाने आपल्याला लिहिलेला ईमेल साध्या स्वरूपातच येतो आणि आल्यानंतर त्याला कुलूप लागते. त्याची दुसरी प्रत तर त्या माणसाच्या पेटीत असतेच. प्रोटॉनमध्ये विषयाची ओळ या संरक्षणाच्या बाहेर राहते, टुटामध्ये तीही आत येते. शिवाय स्वतःच्या डोमेनने गोपनीयता वाढते, हा समज अर्धाच खरा आहे: लाखो लोक वापरतात त्या डोमेनवर आपण गर्दीत मिसळलेले असतो, तर आपल्या एकट्याच्या डोमेनवरचा प्रत्येक पत्ता आपल्याकडेच बोट दाखवतो. आपले काम पत्रकारितेसारखे जोखमीचे नसेल आणि केवळ जाहिरातींसाठी पेटी चाळली जाऊ नये एवढीच इच्छा असेल, तर वेगवान शोध, कॅलेंडर आणि आयमॅप देणारी साधी सेवा अधिक सुखाची ठरते. मी अशा व्यक्तीला फास्टमेल किंवा मेलबॉक्स डॉट ऑर्ग सुचवेन; पैकी दुसरी जर्मनीतील असल्याने युरोपीय कायद्याखाली माहिती असावी असे वाटणाऱ्यांना ती अधिक पटते. कुटुंबातील पुष्कळ जणांना पत्ते द्यायचे असतील, तर दर माणशी पैसे न घेणारी मिगाडू पाहावी, मात्र तिथे रोज किती ईमेल पाठवता येतील यावर मर्यादा असते. सेवा कोणतीही असो, एक प्रत स्वतःच्या डिस्कवर ठेवावीच. लॅव्हाबिट ही सेवा ऑगस्ट २०१३मध्ये सरकारी आदेशावरून उद्भवलेल्या संघर्षात एका दिवसात बंद झाली, तेव्हा तिच्या ग्राहकांना पेटी आवरायलाही सवड मिळाली नव्हती.

स्वतःचा सर्व्हर चालवण्याच्या फंदात आपण पडू नये. ईमेल स्वीकारणे अवघड नाही. पाठवलेला ईमेल समोरच्याच्या स्पॅममध्ये न जाता पोहोचवणे हे कायमचे काम होऊन बसते.

जोडणीच्या वेळी खरी अडचण येते ती डीएनएसच्या, म्हणजे डोमेनची माहिती इंटरनेटला सांगणाऱ्या यादीच्या, नोंदींत. एसपीएफ सांगते की या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर पाठवू शकतात, डीकिम प्रत्येक ईमेलवर सही करते आणि डीमार्क सांगते की या तपासण्या फसल्या तर काय करावे. फेब्रुवारी २०२४पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या. आपण तेवढे पाठवत नसलो तरी नोंदी अपुऱ्या असतील तर आपले ईमेल संशयाने पाहिले जातात. दोन चुका वारंवार दिसतात. जुन्या सेवेची एसपीएफ नोंद तशीच ठेवून नव्या सेवेची दुसरी नोंद घातली जाते. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते, दोन असल्या की दोन्ही बाद ठरतात, म्हणून दोन्हींचा मजकूर एकाच ओळीत आणावा लागतो. दुसरी चूक डीकिमची: सेवा जे पूर्ण नाव देते ते आपण रकान्यात चिकटवतो आणि रजिस्ट्रारचे पॅनेल त्याच्या शेवटी आपले डोमेन पुन्हा स्वतःहून जोडते. नोंद जतन झालेली दिसते, पण डोमेनचे नाव दोनदा आल्याने ती कोणालाच सापडत नाही. खातरजमेसाठी जीमेलवरच्या एखाद्या परिचिताला ईमेल पाठवून त्याला मूळ संदेश उघडायला सांगावे. तिथे वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ असे लिहिलेले दिसले पाहिजे. डीमार्क सुरुवातीला ‘नन’वर, म्हणजे नुसत्या निरीक्षणावर ठेवावे आणि सर्व सुरळीत आहे असे दिसल्यावरच कडक करावे.

एमएक्स बदलण्यापूर्वी नव्या सेवेत सर्व पेट्या आणि उपपत्ते (त्याच पेटीत येणारे जादा पत्ते) तयार असले पाहिजेत. नवा सर्व्हर काही तास बंद असेल तर पाठवणारे सर्व्हर साधारणपणे काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात आणि काही हरवत नाही. परंतु सर्व्हर चालू असून ‘असा पत्ताच नाही’ असे उत्तर देत असेल, तर ईमेल तत्काळ परत जातो. जीमेलमधून जुने ईमेल आयमॅपने आणताना तिथली लेबले फोल्डर म्हणून दिसतात, त्यामुळे दोन लेबले लावलेला ईमेल दोनदा येतो आणि सर्व ईमेल दाखवणाऱ्या ‘ऑल मेल’मधून तिसऱ्यांदा. म्हणून तो फोल्डर तरी वगळावा, किंवा नव्या सेवेचे स्वतःचे आयात साधन असल्यास तेच वापरावे.

जुने खाते मात्र लगेच बंद करू नये. तेथून नव्या पत्त्याकडे ईमेल वळवून ठेवावा आणि जो जो वळून येईल त्या त्या ठिकाणी पत्ता बदलत जावे. बँक, कर आणि विमा यांच्यापासून आरंभ करावा. वर्षातून एकदाच लिहिणाऱ्या संस्था असतात, म्हणून हे काम निदान वर्षभर चालते. या काळात जुन्या खात्यात अधूनमधून प्रत्यक्ष लॉगिन करत राहावे, कारण दोन वर्षे न वापरलेली खाती गुगल काढून टाकू शकते आणि त्या खात्यात केवळ ईमेल पुढे वळत राहणे म्हणजे वापर, असे गृहीत धरू नये.