उत्तर कोणत्या सापासाठी लिहिले आहे?

प्रश्न : मी कोल्हापुरात नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उसाच्या शिवारात साप चावलेला आठ वर्षांचा मुलगा वॉर्डात आला, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून सिस्टरांनी त्याला मोठ्या माणसाइतकाच अँटिव्हेनमचा, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाचा, डोस लावला. मला ते खटकले. मोबाइलवर शोधले तर भलतीच औषधे निघाली, आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर तीन जणींनी तीन आकडे पाठवले. विश्वास कशावर ठेवावा?
– एक विद्यार्थिनी, करवीर तालुका

उत्तर : आधी डोसचे सांगतो. सिस्टरांनी केले ते बरोबरच होते. समोर लहान मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही आणि अँटिव्हेनमला शरीराचे वजन नव्हे, विष निष्प्रभ करायचे असते. त्यामुळे लहानमोठ्यांना डोस सारखाच, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. बाकीची बहुतेक औषधे मुलांना वजनावर देतात, तेव्हा तुमची शंका रास्तच होती.

मोबाइलने घोळ घातला तो प्रश्न अर्धवट विचारल्यामुळे. नुसते ‘सर्पदंशावर उपचार’ एवढेच इंग्रजीत टाकले, तर अमेरिकेतल्या रॅटलस्नेकवरची पानेही समोर येतात. आपल्याकडचे अँटिव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर असते. म्हणून रुग्ण कोण, साप कुठला, उपचार कोणता आणि त्यातून काय साधायचे, हे एका ओळीत लिहून मगच शोधायला बसावे. वॉर्डातल्या कामासाठी आधी भारतीय मार्गदर्शक सूचना पाहाव्यात, त्यावरचे वर्ष तपासावे आणि शंका उरली तरच पबमेड या वैद्यकीय संशोधनलेखांच्या ऑनलाइन सूचीकडे वळावे. १९९६ साली सुरू झालेल्या पबमेडवर बहुतेक वेळा लेखाचा गोषवारा मिळतो. पूर्ण लेख हवा असेल तर कॉलेजच्या ग्रंथपालांना गाठा. विद्यार्थी त्यांच्याकडे फक्त पुस्तक परत करायला जातात, हे काही बरे नव्हे.

गोषवाऱ्यावर मात्र भागत नाही. उदाहरणार्थ, विषामुळे रक्त गोठेनासे झाले आहे का, हे पाहणारी वीस मिनिटांची चाचणीच बघा. नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही आणि मग एकदा तिरपे करून पाहायचे, इतके सगळ्यांना पाठ असते. पण नळी काचेची, कोरडी आणि साबणाने न धुतलेली हवी, नाहीतर गोठणारे रक्तही पातळच राहून फसवते, ही गोष्ट ग्रुपवरच्या संदेशात हमखास गळते. पुढच्या ड्युटीला ट्रॉलीत तशी नळी आहे का, तेवढे पाहून ठेवा.