फ्लॅट पसंत, इंटिरियर नापसंत: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

रीसेलचं घर बघायला गेलं की जागा, उजेड, वारा सगळं जमतं आणि हॉलमधल्या जांभळ्या भिंतीपाशी घोडं अडतं. या वेळचे बहुतेक प्रश्न अशाच घरांचे आहेत. सगळ्या उत्तरांमागचा आमचा हिशेब एकच आहे. भिंतीवर चिकटवलेलं काय आणि भिंतीच्या आत गेलेलं काय, हे आधी वेगळं करा. पहिल्याचा खर्च डोळ्यांना वाटतो त्यापेक्षा कमी असतो, दुसऱ्याचा नेहमी जास्त.

प्रश्न : पुण्यात १२ वर्षं जुन्या इमारतीतला टू बीएचके आवडला आहे. पण खोल्याखोल्यांत रंगीत दिव्यांचं पीओपीचं फॉल्स सीलिंग, एका भिंतीला सोनेरी वॉलपेपर आणि भिंतभर तपकिरी फर्निचर. मालक म्हणतात, इंटिरियरला १४ लाख लागलेत, ते किमतीत धरा. धरायचे का?

धरू नका. बँकेचा व्हॅल्युअर एरिया, इमारतीचं वय आणि आसपासचे व्यवहार बघतो, टीव्ही युनिट बघत नाही. करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांतला जो आकडा कमी, त्यावर कर्ज बसतं. म्हणजे इंटिरियरपोटी वाढवलेली रक्कम बहुधा तुमच्या खिशातून जाणार. शिवाय मुद्रांक शुल्क रेडी रेकनर (सरकारी दरपत्रकातली किंमत) किंवा कराराची किंमत यांतल्या मोठ्या रकमेवर लागतं, त्यामुळे न आवडलेल्या सोफ्यावर शुल्कही भरून बसाल. फर्निचरपोटी काही द्यायचं ठरलंच, तर वस्तूंच्या यादीसह वेगळा करार करा आणि पैसे बँकेतूनच द्या.

पैसे द्यावेत अशा गोष्टी थोड्याच असतात : जाळीसकट चांगल्या स्लायडिंग खिडक्या, ग्रिल, सेफ्टी डोअर, चालू एसी आणि गिझर, किचनमधली मरीन प्लायची (पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडची) कपाटं. उरलेलं नको असेल तर ‘ताबा देण्याआधी काढून, भोकं बुजवून’ असं करारात लिहून घ्या. तोंडी ठरलं तर मालक वॉर्डरोब नेतील आणि मागचे उघडे स्क्रू आणि फुटलेलं स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची टाइलची पट्टी) तुमच्यासाठी ठेवतील.

दुसऱ्यांदा बघायला दिवसा जा आणि सगळे दिवे बंद करायला सांगा. मग वॉलपेपरकडे वळा. तो बाथरूमला लागून असलेल्या किंवा पश्चिमेच्या, दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीवर असेल तर संशय घ्या, कारण आपल्याकडे पावसाचा मारा त्याच बाजूंनी येतो. खालच्या कोपऱ्यात स्कर्टिंगलगत बोट दाबा. कागद फुगलेला, मऊ किंवा मागून भुरभुरीत लागला तर आत ओल आहे. वॉर्डरोबचा तळाचा कप्पा आणि सिंकखालचं कपाट स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. पोकळ, बद्द आवाज आला किंवा मातीची बारीक रेघ दिसली तर वाळवी. टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी पूड असेल तर तो प्लाय किड्याने पोखरलेला आहे, तो फुकट मिळाला तरी घेऊ नका.

प्रश्न : तेच पीओपी काढलं तर स्लॅब खराब होईल का?

स्लॅबला काही होत नाही. अडचण असते ती वर लपलेल्या गोष्टींची. टोकन देण्याआधी सीलिंगमधला एखादा गोल दिवा मालकाच्या परवानगीने खाली ओढा. तो दोन स्प्रिंगवर अडकवलेला असतो, हाताने निघतो. त्या भोकातून मोबाइल आत घालून फ्लॅश लावून चारी दिशांचे फोटो काढा. पिवळे-तपकिरी गोल डाग असतील तर वरच्या मजल्यावरून पाणी येतं. सारख्या अंतरावर समांतर गंजट रेघा किंवा सुटलेलं प्लास्टर दिसलं, तर स्लॅबमधली सळई गंजते आहे. तिथे इंटिरियरची चर्चा थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

डाग नसतील तर काम सरळ आहे. जिप्सम बोर्ड असेल तर चॅनेल (बोर्ड धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या) उलगडून दिवसा-दोन दिवसांत उतरतं, जाळीवर थापलेलं पीओपी जड असतं आणि धूळ फार करतं. मेन स्विच बंद करूनच हात लावायचा, कारण वरच्या वायरी पुष्कळदा पाइपविना, नुसत्या चिकटपट्टीने जोडून सोडलेल्या असतात. सीलिंग गेल्यावर त्या लपवणार कुठे, हे आधी ठरवा. स्लॅब खोदून वायर घालू द्यायची नाही, सळईखाली काँक्रीटचं आवरण जेमतेम १५ ते २० मिमी असतं. वायरिंग भिंतीवर आणा, किंवा बाहेरून पाइप टाका, नाहीतर कडेने दीड फुटाची पट्टी ठेवून मधलं सीलिंग तेवढं काढा. हा तिसरा मार्ग आम्हाला बरा वाटतो, खर्च कमी आणि खोलीच्या मध्यावर उंची परत मिळते. फॅनचा रॉड मात्र छोटा घ्यावा लागेल. स्लॅबमध्ये उरलेले फास्टनर (सीलिंग टांगायचे खिळे-बोल्ट) ग्राइंडरने स्लॅबलगत कापून, त्यावर गंजरोधक लावून मगच पुट्टी करा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात पांढऱ्या छतावर तांबडे ठिपके उमटतात.

प्रश्न : डोंबिवलीत १९९८च्या इमारतीत घर घेतोय. सगळीकडे तपकिरी १ बाय १ टाइल. फोडाव्यात की वरून नवीन बसवाव्यात?

फोडण्याचा खरा खर्च मजुरीत नाही, राड्यारोड्यात आहे. टाइल आणि खालचा ५० मिमी मसाला धरला तर ५०० चौरस फुटांमागे साधारण पाच टन माल निघतो. म्हणजे २५ किलोच्या २०० हून जास्त गोण्या. लिफ्टने न्यायला सोसायटी देत नाही, जिन्याने न्यायचा दर मजल्यागणिक वाढतो.

टाइलवर टाइल चालते, पण आधी नाणं घेऊन प्रत्येक टाइल वाजवा. पोकळ वाजणाऱ्या उपटून खड्डा भरून घ्या. एकतृतीयांशाहून जास्त पोकळ निघाल्या तर हा नाद सोडून फोडाच. बाकीच्या टाइलवरचा तेलकटपणा धुऊन काढा आणि ग्राइंडरने चकाकी खरवडा. सिमेंट-वाळू गुळगुळीत टाइलला धरत नाही, त्यामुळे ‘टाइलवर टाइल’साठीचाच पॉलिमरचा अॅडेसिव्ह हवा. २० किलोचं पोतं ४० ते ५० चौरस फूट जातं. तो खाचांच्या थापीने पसरून घ्या. कारागीर चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल दाबत असेल तर तिथेच थांबवा, मधे पोकळी राहते आणि फ्रिजच्या पायाखाली टाइल तडकते. दोन टाइलमध्ये २ मिमी सांध आणि भिंतीलगत ५ मिमी जागा ठेवा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.

नवी टाइल आणि अॅडेसिव्ह मिळून १२ ते १५ मिमी उंची वाढते. सगळे दरवाजे खालून तेवढे तासावे लागतात. लोक विसरतात ती बाल्कनी. हॉलची पातळी वर गेली तर हरकत नाही, पण बाल्कनीतही टाइलवर टाइल चढवली तर स्लायडिंगच्या ट्रॅकचं पाणी जाण्याचं भोक बुजतं आणि पावसाचं पाणी हॉलमध्ये येतं. वजन चौरस फुटाला अडीच किलोच्या आसपास वाढतं. सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं असेल तर अहवाल मागून वाचा.

बाथरूमला मात्र हा न्याय लावू नका. खाली गळती असेल तर वरून कितीही सुंदर टाइल बसवा, पाणी जुन्याच वाटेने जातं. तिथे कोब्यापर्यंत फोडून नवं वॉटरप्रूफिंग, नवा नहाणी ट्रॅप, जुने जीआय (लोखंडी) पाइप असतील तर सीपीव्हीसी (प्लास्टिकचे), आणि टाइल लावण्याआधी ४८ तास पाणी साठवून खालच्या फ्लॅटच्या छताची तपासणी, एवढं करायलाच हवं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाथरूम, सिंकमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च सदस्याचा असतो. ताबा मिळाल्यावर तो सदस्य तुम्ही असाल.

प्रश्न : सांगलीतल्या जुन्या बंगल्यात मोझॅकच्या लाद्या आहेत, मळकट, जागोजागी डाग. वरून व्हिट्रिफाइड टाइल टाकून घ्यावी का?

थांबा. मोझॅकची लादी २० ते २५ मिमी जाड असते आणि तिचा वरचा ५-६ मिमी थर संगमरवरी चिप्सचा. एका पॉलिशमध्ये त्यातला अगदी थोडा भाग झिजतो. म्हणजे तुमची फरशी संपलेली नाही, नुसती मळली आहे.

आधी पलंगाखालच्या एका कोपऱ्यात चार लाद्या पॉलिश करून बघा. पसंत पडलं तर आधी सांध्यांतला मळ काढून व्हाइट सिमेंटमध्ये लादीच्या रंगाची पूड मिसळून सांधे आणि बारीक तडे भरा. ते दोन-तीन दिवस पाणी मारून पक्के होऊ द्या. मग मशीनला ६०, १२०, २२० आणि ४०० नंबरचे दगड क्रमाने लावायचे आणि शेवटी ऑक्झॅलिक पावडरने चमक काढायची. घाईत कारागीर मधला नंबर गाळतात. मग उन्हाच्या तिरिपेत गोल ओरखडे दिसतात आणि ते काढायला पुन्हा मागच्या दगडापासून सुरुवात करावी लागते. कोपऱ्यांत मोठं मशीन जात नाही, तिथे हातमशीन लावणार का हे दर ठरवतानाच विचारा. निघणारा गाळ बादलीने उचलायचा, नहाणीत सोडला तर तो सिमेंटसारखा बसतो. हे सगळं रंगकामाआधी. आणि नंतर बाथरूमचं अॅसिड लादीवर कधीही टाकू नका, ते संगमरवर खातं.

तेलाचे खोल डाग मात्र पूर्ण जात नाहीत. स्वयंपाकघरापुरती नवी टाइल घाला, बाकी घरात मोझॅक ठेवा.

प्रश्न : ठाण्यात टॉवरमध्ये फ्लॅट बघितला. किचन कोंदट वाटतं. मधली भिंत काढून ओपन किचन होईल?

इमारत अॅल्युमिनियम फॉर्मवर्कची, म्हणजे सगळे ज्याला मायवन म्हणतात तशी असेल, तर नाही. तिथे भिंतीच काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार त्यांवरच असतो. ओळख सोपी : तुळया बाहेर आलेल्या दिसत नाहीत, कुठेही ठोकलं तरी आवाज ठणठणीत येतो आणि साध्या ड्रिलने भोक पडत नाही. अशा भिंतीत स्विचबोर्डसाठीही खाच मारू नये. ओपन किचन हवंच असेल तर दुसरा फ्लॅट बघा.

विटांची किंवा ब्लॉकची ४ इंची पार्टिशन असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि सोसायटीची परवानगी घेऊन ती काढता येते. मालकाने आधीच काही पाडलं असेल किंवा बाल्कनी, फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरचा झाडांचा कट्टा) खोलीत घेतलं असेल, तर मंजूर नकाशा मागून ताडून बघा. नोटीस आली तर ती त्या वेळच्या मालकाला, म्हणजे खरेदीनंतर तुम्हाला येते.

प्रश्न : किचनचे भगवे, चकचकीत शटर नको झालेत. सगळं किचन नवीन करायचं का?

कपाटांचे सांगाडे धड असतील तर फक्त शटर बदला. जुनं शटर सुताराला नमुना म्हणून द्या. हिंजची (बिजागरीची) वाटी ३५ मिमीची असते, त्यामुळे नवे हिंज त्याच जागी बसतात. जुन्या लॅमिनेटवर नवं चिकटवण्याचा स्वस्त उपाय कडांवर फसतो. नवी पट्टी बसली की शटरची रुंदी वाढते आणि ती एकमेकांना घासतात. ग्रॅनाइटचा ओटा तडकलेला नसेल तर त्याला हात लावू नका. पाइप गॅसची लाइन हलवायची असेल तर ते काम गॅस कंपनीच्याच माणसाकडून.

प्रश्न : सावंतवाडीजवळ जुनं चिऱ्याचं घर घेतोय. आधीच्या मालकाने आतून सिमेंटचं प्लास्टर, चार फुटांपर्यंत बाथरूमसारख्या टाइल आणि वर हिरवा ऑइलपेंट केलाय. टाइलच्या वर भिंत सारखी सुटते. वरून पॅनेल लावून झाकलं तर?

झाकू नका. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल शोषतो आणि उन्हा-वाऱ्याला सोडतो. टाइल आणि ऑइलपेंटने ती वाट बंद झाली, म्हणून ओल टाइलच्या मागून चढते आणि जिथे टाइल संपते तिथे बाहेर येते. भिंत नेमकी त्याच पट्ट्यात सुटते, लोणाही (भिंतीवर येणारं पांढरं मीठ) तिथेच लागतो. पॅनेल लावलंत तर ओल आणखी वर जाईल आणि पॅनेलमागे वाळवीची सोय होईल.

क्रम असा ठेवा. आधी घराबाहेर जा. कौलांच्या पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडतं का, अंगणात नंतर घातलेला कोबा जोत्याच्या वर आलाय का आणि त्याचा उतार घराकडे आहे का, हे बघा. बऱ्याच घरांत एवढं दुरुस्त केलं की ओल निम्मी होते. मग आतल्या टाइल आणि सिमेंट प्लास्टर छिन्नी-हातोडीने, हलक्या हाताने उतरवा. ब्रेकर मशीन आणू देऊ नका, चिरा मऊ असतो, सिमेंटबरोबर त्याचाही पापुद्रा निघतो आणि मातीचे सांधे हलतात. उघडी भिंत निदान दोन-तीन महिने कोरडी होऊ द्या. वर येणारं मीठ कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतलं तर ते परत आत जातं.

त्यानंतर मुरवलेल्या चुन्याचा गिलावा, एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली, न खारी वाळू, दोन पातळ थरांत. पहिला थर पुरता घट्ट झाल्याशिवाय दुसरा नको, आणि काही दिवस हलकं पाणी शिंपत राहा. रंग चुन्याचाच लावा. प्लास्टिक इमल्शन मारलंत तर टाइल काढण्याचे पैसे वाया गेले. गवंडी ‘थोडं सिमेंट टाकू, लवकर धरेल’ म्हणणारच. ते चिमूटभरही टाकू देऊ नका.

दिवाळीनंतर तोडकाम, संक्रांतीच्या पुढे गिलावा आणि मेच्या मध्यापर्यंत रंग, असं वेळापत्रक धरलं तरच पावसाआधी भिंती सुकतात. खरेदीखत मार्चमध्ये होणार असेल तर यंदा फक्त बाहेरचं पाणी वळवा, कौलं चाळून (फुटकी बदलून, सरकलेली नीट बसवून) घ्या आणि हिरवा रंग एक पावसाळा सोसा.