एकर, गुंठे, हेक्टर एकाच फाइलमध्ये आले तर एककं कशी सांभाळायची?

तुम्ही विचारलंय की पिकाच्या नोंदींत कुणी एकर लिहिलंय, कुणी हेक्टर, कुणी क्विंटल, कुणी टन. तर आकड्याला एकक चिकटवून ठेवायची सोय पायथन किंवा आर या प्रोग्रॅमिंग भाषांत आहे का. आहे. पायथनसाठी पाइंट ही लायब्ररी (तयार कोडचा संच), आर भाषेसाठी युनिट्स. एकरात क्विंटल मिळवायला गेलात तर दोन्ही तिथेच अडवतात, आणि हेक्टरमध्ये एकर मिळवलेत तर रूपांतर करून बेरीज देतात. गुंठा त्यांना ठाऊक नसतो, पण एकराचा चाळिसावा भाग अशी व्याख्या एका ओळीत देता येते. क्विंटल म्हणजे 100 किलो हेही मी स्वतःच लिहून देते, गृहीत धरत नाही.

पण खरी चूक या लायब्रऱ्यांना दिसतच नाही. मी सोलापुरात शेतकरी गटांचे आकडे बघते. मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या यादीत एका शेतकऱ्याचं क्षेत्र 2.20 एकर आणि माल 15 क्विंटल होता. भागाकार केला, एकरी उतारा 6.8 क्विंटल आला, आणि तसाच अहवालात गेला. ते 2.20 म्हणजे 2 एकर 20 गुंठे होते. म्हणजे अडीच एकर, आणि उतारा एकरी 6. एकक बरोबर, आकडा बरोबर, फक्त टिंबाचा अर्थ आपल्याकडे वेगळा. आणि ही चूक सरासरीत फिटतही नाही, कारण ती बहुतेक वेळा एकाच बाजूला जाते: क्षेत्र कमी दिसतं, उतारा जास्त. त्यावरून कुणी पुढच्या वर्षीचं बियाणं आणि कर्ज ठरवणार असेल तर हे फार वाईट आहे.

म्हणून आता एकराचा रकाना हातात आला की मी आधी टिंबानंतरचे आकडे तपासते. शेकडो ओळींत 39 च्या वर एकदाही काही आलं नसेल तर ते गुंठेच. यासाठी रकाना संख्या म्हणून नाही, मजकूर म्हणून वाचायला हवा. एक्सेल 2.20 चं 2.2 करून टाकतं, आणि मग ते 2 गुंठे की 20, हे फाइलवरून कळत नाही. मूळ कागद मागवावा लागतो. सातबारा मिळाला तर उत्तम. त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि 100 आरचा 1 हेक्टर, त्यामुळे तिथलं टिंब सरळ दशांशाचं धरता येतं. वरच्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर 1.01 हेक्टर निघालं. खरंच 2.2 एकर असतं तर 0.89 दिसलं असतं.

उजनी धरणाच्या पाण्याचे आकडे जोडणार असाल तर विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट) आणि साठा टीएमसीत (अब्ज घनफुटांत) येतो. एक दिवसभर 11,574 क्युसेक सोडलं की 1 टीएमसी होतं. इथे पाइंट खरंच कामाला येतं.

एक मात्र आधीच करा. सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या तक्त्याच्या फाइलमध्ये) जतन केलं की चिकटवलेलं एकक गळून पडतं, म्हणून रकान्याच्या नावातच एकक लिहा: ‘क्षेत्र_हेक्टर’, ‘माल_किलो’. शेतकऱ्याने सांगितलेला मूळ आकडा शेजारच्या रकान्यात जसाच्या तसा राहू द्या, टिंबासकट.