जुन्या सायकलच्या क्रँकची (पायडलाच्या दांड्याची) कॉटर पिन, म्हणजे दांडा एक्सलवर घट्ट धरणारी पाचर, निघत नाही. ठोकून ठोकून आटे चेपले. आता काय करू?

आधी हातोडा खाली ठेवा. तुम्ही जे केलंत तेच आमच्या दादाने केलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

बाबांची हर्क्युलस होती. चेन्नईच्या अंबत्तूरमधल्या कारखान्यातली, काळी, रॉडब्रेकची. बाबा गेल्यावर कितीतरी वर्षांनी ती साफ करायला काढली, तर डाव्या क्रँकची कॉटर जाम. मी म्हटलं, तेल सोडू, रात्रभर राहू दे. दादा म्हणाला, "कॉटर आहे ती, लोणचं नाही मुरायला ठेवायला." सायकल भिंतीला टेकवली, नट पूर्ण काढून फेकला आणि घातले दहा-बारा घाव. आट्यांचं टोक भुईछत्रीसारखं पसरलं. पिन तसूभर हलली नाही.

हलणार कशी? खाली आधारच नव्हता. घाव पिनेला लागतच नव्हता, तो एक्सलमधून छर्‍यांवर आणि ते बसतात त्या वाटीसारख्या कपात जात होता, उरलेला टायर गिळत होते.

दादा कंटाळून जेवायला गेला तेव्हा मी भंगारवाल्याकडून अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा तुकडा आणला. क्रँक आडवा, आट्यांची बाजू वर. पाइप जमिनीपासून क्रँकपर्यंत उभा, पिनेचं डोकं त्याच्या भोकाच्या बरोबर वर. पाइप इतपत लांब कापायचा की चाकं किंचित उचलली जातील. चेपलेले आटे करवतीने क्रँकच्या पातळीत कापले, वर ८ मिमीचा पंच (ठोकायचा पोलादी दांडू) धरला आणि दोन किलोच्या हातोड्याने एकच घाव घातला, मन लावून. आधी प्रत्येक ठोक्याला टण्ण वाजायचं, या वेळी बसका 'ठक्' आला आणि पिन पाइपात पडल्याचा खळ्ळ आवाज. हळू हळू शंभर ठोके म्हणजे पिन जागेवर चेपून आणखी घट्ट करणं.

तुमचे आटे गेलेच आहेत, तेव्हा असंच कापा. नाहीच निघाली तर मधोमध ड्रिल, पण तो उद्योग कंटाळवाणा आहे.

नवी पिन घेताना जुनी खिशात घेऊन जा. ९ आणि ९.५ मिमी, दोन्ही मिळतात. दोन्ही क्रँकच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने घाला, नाहीतर पायडलं एका रेषेत येणार नाहीत. पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा आवळा.

बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल फिरतो तो सांधा) उघडली तेव्हा डाव्या कपात फक्त खालच्या बाजूला ओळीने चार खड्डे होते, छर्‍यांच्याच अंतरावर, नख अडकेल इतके. दादा अजून म्हणतो, कप आधीच झिजला होता. झिजलेला असता तर सगळीकडून गोल चट्टा पडला असता ना! चारच, आणि खालीच?

हां, एक राहिलं. चष्मा घालून ठोका, लोखंडाचे टवके उडतात. आणि हे सगळं लोखंडी, कॉटरवाल्या क्रँकचं. चौकोनी एक्सलवरच्या ॲल्युमिनियमच्या क्रँकला हातोडा लावू नका, त्याला पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) लागतो.

तो कप मी ठेवलाय. दिवाळीला दादा आला की चहाच्या ट्रेमध्ये त्याच्यासमोर ठेवतो. तो त्यात बिस्किटाचा चुरा टाकतो.