कार्डं वाढवू नका, चित्र लपवा

तुम्ही लिहिलंय की परदेशातल्या रविवारच्या मराठी वर्गात फ्लॅशकार्डं दाखवली की मुलं पटापट हत्ती, आंबा, छत्री सांगतात पण अख्खं वाक्य काही येत नाही, मग अजून कार्डं छापू का? नका छापू. कार्डाला एकच उत्तर असतं, ते दिलं की विषय संपला, आणि शिवाय ते चित्र तुम्हालाही दिसतंयच की, मग पोराने सांगायचं तरी कोणाला?

म्हणून चित्र एकाच्याच हातात द्या. दोघादोघांच्या जोड्या, दुसऱ्याकडे कोरा कागद नि पेन्सिल, पहिल्याने सांगायचं नि दुसऱ्याने काढायचं. झाडाखाली कुत्रा, कुत्र्याच्या डोक्यावर टोपी. सुरुवातीला 'झाड खाली', 'कुत्रा च्या' असलं काहीही ऐकू येईल, मध्ये अडवू नका, शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवून हसून झालं की तुम्ही तेच वाक्य नीट म्हणा. सामान्यरूप (प्रत्यय लागताना 'झाड'चं 'झाडा' होतं ते) हा शब्द उच्चारायचीसुद्धा गरज नाही.

भूतकाळाला तर चित्रासारखं दुसरं काही नाही. इंग्रजीत वाढलेली मुलं 'मुलगा पोळी खाल्ला' म्हणतात, कारण क्रियापद खाणाऱ्याकडे न बघता खाल्लेल्या वस्तूकडे बघतं हे त्यांच्या डोक्यातच नसतं. एकच मुलगा आणि तीन ताटं काढा: एकात कोय, एकात पोळीचा तुकडा, एकात केळ्याचं साल. मुलाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. हे तोंडात बसलं की मुलाच्या जागी मुलगी चिकटवा आणि तेच ताट विचारा. मुलीने आंबा खाल्ला, 'खाल्ला' हलतच नाही! हे फळ्यावर समजवायला गेलात तर अर्धा वर्ग झोपेल.

मोठ्या मुलांना एसटी स्टँड, भाजीबाजार असलं गर्दीचं चित्र द्या आणि त्यातल्या माणसांना, वस्तूंना नंबर टाका. ही युक्ती जुनी आहे हो, कोमेनियस नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने 1658 साली न्यूरेंबर्गला छापलेल्या लॅटिन-जर्मन चित्रपुस्तकात असेच आकडे टाकले होते. फायदा असा की शब्द येत नसला तरी मूल अडत नाही, 'सात नंबरवाला काय विकतोय' असं विचारू शकतं, आणि विचारणं हेही बोलणंच.

क्रियापद शिकवताना मात्र एका चित्रावर भागवू नका. लाल शर्टातला माणूस पळतोय एवढंच दाखवून 'पळतोय' म्हणालात तर एखाद्याला त्याचा अर्थ लाल वाटेल, एखाद्याला माणूस. कुत्रा, मुलगी, आजोबा असे तीन पळणारे लागोपाठ दाखवा.

अंकलिपीतली ऐरण, खटारा, ईडलिंबू वगैरे सोडून द्या (ईडलिंबू तर इथल्याही किती जणांनी खरं बघितलंय देव जाणे). वस्तूच ठाऊक नसेल तर तिच्या चित्रावरून अक्षर कसं आठवणार?

चित्रं हवी असतील तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे गोष्टींचं संकेतस्थळ बघा, फुकट आहे, मराठी गोष्टीही आहेत, आणि श्रेय देऊन वापरता येतात. फक्त खालचा मजकूर झाकून छापा, नाहीतर वाचता येणारी मुलं बोलण्याऐवजी सरळ वाचून दाखवतात. एआयकडून चित्र करून घेणार असाल तर दुकानांच्या पाट्यांवरची देवनागरी आधी तपासा, बऱ्याचदा भलतंच काहीतरी उमटलेलं असतं.