वाचकांचे प्रश्न : सेकंड शिफ्ट, सुनसान रस्ता आणि सायकल

प्रश्न : भोसरी एमआयडीसीतून रात्री साडेअकराला सुटतो आणि मोशीपर्यंत एकटाच सायकलने जातो. गोदामांमागच्या रस्त्यावर दिवे नाहीत, कोपऱ्यावर टोळकी बसलेली असतात. मोबाइल हिसकावल्याचंही कानावर येतं. काय काळजी घ्यावी?

उत्तर : आधी रस्ता बदला. दिवे, पेट्रोल पंप, उघडी हॉटेलं असलेला रस्ता २ किलोमीटरने लांब पडला, तरी ताशी १५च्या वेगाने ८ मिनिटंच जास्त लागतात. तेवढी खुशाल द्या.

मोबाइल हँडलवर लावू नका, वरच्या खिशातही नको. गाडीवरून येणाऱ्याचा हात नेमका तिथेच पोचतो. आतल्या चेनच्या खिशात ठेवा. निघताना घरच्यांना व्हॉट्सॲपवर १ तासाचं लाइव्ह लोकेशन पाठवा. इअरफोन नकोच, मागून येणारी गाडी आधी कानाला कळते.

टोळक्यासमोरून जाताना एकदम जोर मारू नका. वेग तोच ठेवा, भिंतीपासून दीड-दोन मीटर सुटून चला, म्हणजे वळायला जागा राहते. कुणी हाक मारली तर थांबू नका. कुणी आडवं येऊन फोन मागितलाच, तर देऊन टाका. झटापटीत चाकू निघाला तर सायकलवर तोल सावरत काहीच करता येत नाही. उजेडात पोचल्यावर कुणाच्याही फोनवरून ११२ लावा.

बहुतेकांचं लक्ष जात नाही ते सायकलच्या चेनकडे. झिजलेली चेन जोर लावताच दात सोडते, म्हणजे पळायच्या क्षणीच दगा देते. पट्टीने मोजा : २४ कड्या, पिन ते पिन, १२ इंच भरतात. अर्धं सूत (इंचाचा सोळावा भाग) जास्त भरली की चेन बदला. एक सूत वाढेपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलही (मागच्या चाकावरची दातेरी चकती) जाते. दर आठवड्याला टायर दाबून पाहा. कमी हवेत ट्यूब रिमखाली चिरडून पंक्चर होते.

अंधारात पंक्चर झालंच, तर तिथे उतरून बघत बसू नका. वजन चांगल्या चाकावर घेऊन हळूहळू पंपापर्यंत चालवत न्या. ट्यूब वाया जाईल, क्वचित रिमही वाकेल, जाऊ द्या.

प्रश्न : आणि कुत्री मागे लागली तर?

उत्तर : वेग कमी करा, बहुतेकदा ती पाठलाग सोडतात. नाहीच सोडला तर उतरा, सायकल मध्ये धरा, पाठ न फिरवता सरका. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका आणि लगेच रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा.