फोन क्रमांक डायल करून केलेला व्हिडिओ कॉल डीएनएसच्या आधारे योग्य जागी कसा पोहोचवायचा?

तुम्ही लिहिलंय की तीन संस्थांच्या व्हिडिओ रूम एकमेकींशी जोडायच्या आहेत, रिमोटवरून फक्त आकडेच दाबता येतात, आणि हे डीएनएसवर (नावावरून इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेवर) करायचं तर जागतिक सार्वजनिक यंत्रणेत नोंदणी लागेल का. शेवटच्या शंकेचं उत्तर आधी देतो: लागणार नाही.

या पद्धतीला ईनम म्हणतात. सध्याचं मानक आरएफसी ६११६ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज), २०११ सालचं. क्रमांकाचं डोमेन नाव करायचं, ते डीएनएसला विचारायचं, आणि उत्तरात पत्ता मिळवायचा, एवढंच त्यात आहे. लंडनचा +४४ २० ७९४६ ०१४८ हा क्रमांक घ्या (ही मालिका नाटक-सिनेमांसाठी राखीव आहे, म्हणून उदाहरणाला बिनधास्त वापरता येते). अधिकचं चिन्ह काढायचं, आकडे उलटे करायचे, प्रत्येक आकड्यानंतर टिंब द्यायचं: ८.४.१.०.६.४.९.७.०.२.४.४, आणि पुढे ई१६४.आर्पा जोडायचं. उलटं करायचं कारण असं की डीएनएसमधली मालकी उजवीकडून डावीकडे वाटली जाते, तर फोन क्रमांकात देशाचा कोड डावीकडे असतो. प्रत्येक आकडा सुटा ठेवला की वाटणी कुठल्याही आकड्यापाशी तोडता येते.

या नावावर एनएपीटीआर प्रकारची नोंद मागायची. तिच्यात क्रम, पसंती, सेवेचं नाव आणि एक रेजेक्स (मजकुरातला नमुना ओळखून तो बदलणारा नियम) असतो, आणि रेजेक्समधून सिप पत्ता (इंटरनेटवरून कॉल जोडणाऱ्या सिप पद्धतीतला पत्ता) तयार होतो. मग त्या पत्त्यातल्या डोमेनची एसआरव्ही नोंद पाहून सर्व्हर आणि पोर्ट मिळतो; टीएलएसवर (सांकेतिक, सुरक्षित जोडणीवर) सिप असेल तर साधारणपणे ५०६१. तुमच्याकडे सिपऐवजी एच.३२३ ही कॉलपद्धत वापरणारी जुनी यंत्रं असतील तर त्याच क्रमांकावर त्या सेवेची वेगळी नोंद ठेवता येते. पसंतीचा आकडा लहान असलेली नोंद आधी वापरली जाते.

ई१६४.आर्पा हे सार्वजनिक झाड (फांद्यांसारखी वाटली जाणारी नावांची रचना) राइप एनसीसी ही इंटरनेट पत्ते वाटणारी युरोपातली संस्था चालवते आणि देशनिहाय वाटणीत आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेचा सहभाग असतो. ऑस्ट्रियाने २००४ मध्ये ते व्यावसायिकरीत्या सुरू केलं, पण बऱ्याच देशांत ते लोकांच्या वापरात आलंच नाही. म्हणून संशोधन-शिक्षण नेटवर्कांनी एनआरईनम.नेट नावाचं वेगळं झाड उभारलं होतं. तुम्हीही तेच करा. ई१६४.आर्पाच्या जागी तिघांनी मिळून ठरवलेलं स्वतःचं डोमेन लावा आणि प्रत्येक संस्थेला तिच्या मालिकेचा भाग सोपवा. माझ्या मते हेच बरं, कारण खरी अडचण तांत्रिक नसते. हा क्रमांक खरोखर याच संस्थेचा आहे, याची हमी कोण देणार हा मुद्दा असतो, आणि तिघं एकमेकांना ओळखत असले की तो सुटतो. झोनला (डीएनएसमधल्या आपल्या ताब्यातल्या भागाला) डीएनएससेक सही (नोंद खरी असल्याची डिजिटल सही) मात्र कराच. नोंद बनावट निघाली तर तुमची बैठक भलत्याच सर्व्हरवर जाईल.

आता जिथे मी स्वतः दोन दिवस घालवले ते सांगतो. प्रत्येक क्रमांकाची नोंद लिहायचा कंटाळा म्हणून मी मालिकेसाठी एकच वाइल्डकार्ड नोंद (तारा, म्हणजे * लावून कुठल्याही आकड्यांना चालणारी) ठेवली होती: ताऱ्यापुढे ६.४.९.७.०.२.४.४ अशा धर्तीची. छान चाललं. मग एका खोलीचा कॉल वेगळ्या सर्व्हरवर न्यायचा म्हणून ८.४.१.०.६… अशी तिची एक स्वतंत्र नोंद घातली, आणि ज्या खोल्यांचे क्रमांक मालिकेनंतर शून्याने सुरू होत होते त्या सगळ्या बंद पडल्या. एकाने सुरू होणाऱ्या चालू होत्या, त्यामुळे मी आणखीच गोंधळलो. कारण डीएनएसच्या नियमातच आहे. ती एक नोंद घातल्याबरोबर मधली ०.६…, १.०.६… ही नावं रिकामी का होईना, अस्तित्वात येतात, आणि त्यांच्याखालच्या नावांना वरचा तारा लागू होत नाही. ईनममध्ये प्रत्येक आकडा ही एक पायरी असल्याने हा फटका फार दूरवर बसतो. तेव्हा वाइल्डकार्ड नकोच. छोट्या स्क्रिप्टने प्रत्येक क्रमांकाची नोंद तयार करा.

दुसरं असं की रेजेक्स उलट्या डोमेन नावावर नाही, तर अधिकच्या चिन्हासकट मूळ सुलट्या क्रमांकावर चालतो. बरेच जण इथे चुकतात. आणि त्यात मागचा गट (कंसात जुळलेला भाग) पुन्हा वापरायचा असेल तर झोन फाइलमध्ये बॅकस्लॅश दोनदा लिहा.

नोंद घालण्याआधी क्रमांक तपासू नका. ‘असं नाव नाही’ हे उत्तरही कॅशेत राहतं, एसओए नोंदीत (झोनच्या मूळ नोंदीत) ठरवलेल्या वेळेपर्यंत, आणि तेवढा वेळ तुम्ही बरोबर असलेली नोंदच दुरुस्त करत बसता. चाचणीच्या काळात ती वेळ एक-दोन मिनिटांवर आणा.

चाचणी करताना साध्या फोनच्या गेटवेकडे जाणारा पर्यायी मार्ग बंद ठेवा. तो चालू असला तर डीएनएसमध्ये नोंद सापडली नाही तरी कॉल लागतो, समोरून आवाजही येतो, फक्त चित्र येत नाही. मग सगळे कॅमेऱ्याची केबल तपासायला धावतात.